बिल्ला कोरा निघाला, पण नाकात गेलेल्या धुळीचं काय?

औसा_रोड (धागाकर्ता) | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. चार वर्षं नुसता वाचत होतो, आज लिहायची वेळ आली.

माझे मामा औसा तालुक्यातले, वय ६३. आयटीआयचे टर्नर. १९८८ ला कंत्राटदारामार्फत अणुइंधनाच्या कामावर लागले, १४ वर्षं केली, मग गावी येऊन पिठाची गिरणी टाकली. ठिकाणाचं नाव लिहीत नाही, मामांनी नको म्हणलंय. युरेनियमच्या ऑक्साइडची भुकटी दाबून गोळ्या करायच्या, भट्टीत भाजायच्या आणि घासून मापात आणायच्या, असं ते काम. मामा घासायच्या मशीनवर होते.

दिवाळीपासून खोकल्यानं धरलं. तालुक्याला एक्स-रे काढला, वरच्या बाजूला डाग दिसला. थुंकी निगेटिव्ह आली तरी टीबीच्या गोळ्या चालू केल्या. चार महिने खाल्ल्या. वजन ६८ वरून ५५ वर आलं. शेवटी लातूरला सीटी आणि बायोप्सी झाली. उजव्या फुफ्फुसाचा अ‍ॅडेनोकार्सिनोमा, म्हणजे कर्करोगाचाच एक प्रकार. आता संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात दाखवायलोय.

घरात दोन पार्ट्या पडल्यात. मामेभाऊ म्हणतो कामानंच झालं, केस टाकू. मामी म्हणतात, मग बिड्या कोण ओढायचं? (मामा २००६ पर्यंत रोज एक बंडल ओढायचे, खोटं कशाला बोलू.) पेटीत त्या छातीवरच्या, किरणं मोजायच्या टीएलडी बिल्ल्याच्या नोंदींचे कागद निघाले. जवळजवळ सगळीकडं शून्य, नाहीतर शून्याला चिकटून. ते मी वाचून दाखवले तर मामा म्हणले, "बिल्ला तर शर्टावर होता रे. धूळ नाकात जायली होती."

ह्यात तथ्य किती? जाणकारांनी सांगावं. धीर देणारं खोटं नको.


तेरणाकाठ | सोमवार, रात्री १०.०५

मामांना लवकर आराम पडो. जाणकार येतीलच, मी इथंच बसून वाचतो.


मोजणीवाले_काका | सोमवार, रात्री ११.३०

किरणोत्सर्ग मोजायच्या खात्यातच माझी तीस वर्षं गेली, आता अंबाजोगाईत निवांत असतो. तुमच्या मामांनी एका वाक्यात जे सांगितलं, ते नव्या पोरांच्या डोक्यात उतरवायला आम्हाला दोन दिवस लागायचे.

बिल्ल्यात तीन चकत्या असतात. बाहेरून गॅमा, बीटा किरण आले की त्यांची ऊर्जा चकत्यांत साठते. नंतर चकती तापवली की ती उजेड देते, तो उजेड मोजायचा. पण युरेनियम आणि प्लुटोनियमचा मुख्य मारा असतो अल्फा कणांचा. हा गडी अंगानं दांडगा पण दमानं कच्चा. साधा कागद आडवा धरला तरी थांबतो. आपल्या कातडीवरचा मेलेला थरसुद्धा त्याला पुरतो. बिल्ल्याच्या आवरणातून तो आत शिरतच नाही, मग नोंद कुठून होणार?

बाहेर असतो तोवर त्याची भीती नाही. तोच फुफ्फुसाच्या पिशव्यांत जाऊन बसला की मध्ये ना कागद, ना मेलेली कातडी. जिवंत पेशींत जेमतेम ४० मायक्रॉन जातो, म्हणजे केसाच्या जाडीएवढंही नाही, आणि सगळी ताकद तेवढ्याच जागेत सोडतो. म्हणून हिशेबात अल्फाच्या डोसला २० नं गुणतात. गॅमाला गुणक फक्त १.

आता कुठली धूळ छातीत जाते ते. तुरीच्या मळणीवर दिवसभर उभं राहून घरी आलं की नाक शिंकरताना काळं येतं. ते नाकानं अडवलेलं. १० मायक्रॉनच्या वरचे कण बहुतेक नाका-घशातच अडकतात, गिळले जातात आणि पोटातून निघून जातात. १ ते ५ मायक्रॉनची धूळ डोळ्याला दिसत नाही, तीच थेट खाली पोचते. घासायच्या मशीनवर पाण्याची धार आणि हवा ओढून घेणारी व्यवस्था असते ती ह्याच्यासाठीच. ती नीट चालू होती का आणि मास्क बसत होता का, एवढ्यावर सगळं ठरतं.

आत गेलेलं मोजायचे मार्ग वेगळे. संशय आला की आम्ही आधी नाकाचा स्वॅब घ्यायचो. काडीवरचा कापूस प्रत्येक नाकपुडीत वेगळा फिरवायचा, वाळवायचा, मोजणीयंत्राखाली ठेवायचा. दोन्हीकडं आकडा चढला तर हवेतून गेलं. एकाच नाकपुडीत चढला तर बहुधा गड्यानं बोट घातलेलं असायचं! ह्यावर हसूही यायचं आणि बोलणीही बसायची. त्यानंतर लघवीची तपासणी, आणि जाड पोलादी खोलीत आडवं निजवून छातीवर डिटेक्टर ठेवून मोजणी.

तर औसा रोड, बिल्ल्याचे कागद बाजूला ठेवा. पेटीत लघवीच्या तपासणीचा एखादा कागद आहे का ते बघा.


शंकासुर | मंगळवार, सकाळी ७.१५

काका, माहितीबद्दल मान आहे, पण मुद्दा भरकटतोय. रोज एक बंडल बिड्या, तेही वीस-पंचवीस वर्षं. एवढं समोर असताना युरेनियम शोधत बसायचं? आपल्याकडं 'अणु' शब्द ऐकला की लोकांची दातखीळ बसते.

आणि एक जुनं उदाहरण. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत लॉस अलामॉसला, अणुबॉम्बच्या प्रयोगशाळेत, प्लुटोनियमवर काम केलेल्या २६ जणांच्या शरीरात प्लुटोनियम गेलं होतं. त्यांच्यावर पन्नास वर्षं नजर ठेवली. तोवर त्यांच्यातले सातच गेले, आणि ज्या तिघांना फुफ्फुसाचा कर्करोग झाला ते तिघेही सिगारेट ओढणारे. बोला.


मोजणीवाले_काका | मंगळवार, दुपारी १२.५०

शंकासुर, उदाहरण खरं आहे. मीही वर्गात सांगायचो. पण त्यातल्याच एकाला हाडाचा कर्करोग झाला, तो एरवी फार विरळा, हे सांगायचं तुम्ही विसरलात. आणि मुळात माणसं २६. एवढ्याशा शितावरून भाताची परीक्षा करायची तर भात तरी एका पातेल्यातला हवा. ह्यातला जोखमीचा फरक दिसायला हजारो माणसं लागतात.

ती हजारो माणसं रशियात होती. उरलजवळचा मायाक कारखाना १९४८ ला सुरू झाला. सुरुवातीच्या वर्षांत बॉम्बची घाई एवढी, की कामगारांच्या फुफ्फुसात प्लुटोनियम आपल्या आजच्या कल्पनेबाहेर गेलं. त्यांच्यात फुफ्फुस, यकृत आणि हाडं, तिन्हींचे कर्करोग प्लुटोनियमच्या डोसबरोबर वाढलेले दिसले. ह्यावर आता कोणी भांडत नाही.

राहिला प्रश्न कमी डोसचा. २०१७ साली बेल्जियम, फ्रान्स आणि ब्रिटनच्या अणुकामगारांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. फुफ्फुसाच्या कर्करोगानं गेलेले ५५३ आणि तुलनेला १,३३३ कामगार. एकेकाच्या जुन्या लघवीच्या नोंदींवरून फुफ्फुसाचा डोस काढला, आणि शंकासुर, धूम्रपानाचा हिशेब धरूनच काढला. प्लुटोनियमसाठी जास्तीचा धोका (मूळ धोक्यावर किती पट भर पडली तो आकडा) प्रति ग्रे ५० निघाला, ९० टक्के खात्रीचा पट्टा १७ ते १०६. युरेनियमसाठी ५.३, पट्टा उणे १.९ ते १८.

आता हे मराठीत. ग्रे हे डोसचं फार मोठं माप. त्याचा हजारावा भाग, एक मिलिग्रे, प्लुटोनियममुळं फुफ्फुसाला मिळाला तर धोका साधारण ५ टक्क्यांनी वर जातो. युरेनियममुळं मिळाला तर अर्ध्या टक्क्यानं. आणि युरेनियमचा पट्टा शून्याच्या खालून सुरू होतो, म्हणजे तिथं परिणाम आहे असं छातीठोक सांगता येत नाही. नाहीच, असंही नाही.

मामांचं काम युरेनियमचं. धागाकर्त्यांनी खोटा धीर मागितला नाही, म्हणून ही कडू बाजूही सांगितली. मामेभावांच्या पारड्यात प्लुटोनियमएवढा पुरावा नाही.


परळी_पॅसेंजर | मंगळवार, दुपारी ३.२०

थोडं अवांतर. औंढ्याजवळ अणुऊर्जा विभागाचं मोठं काम चालू आहे म्हणून आमच्या पाहुण्यांत चर्चा आहे की तिकडं आता जमीन घेऊ नये, किरणं येणार. खरं का?


मोजणीवाले_काका | मंगळवार, दुपारी ३.४५

ते लायगो हो! लेसर आणि चार-चार किलोमीटरच्या निर्वात नळ्या. अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपायच्या. खर्चात अणुऊर्जा विभाग आहे, म्हणून नाव लागतं. तिथं ना अणुभट्टी, ना इंधन. जमीन खुशाल घ्या, भाव परवडला तर.


परळी_पॅसेंजर | मंगळवार, दुपारी ३.५२

भाव नाही परवडत.


फुफ्फुसवाली | मंगळवार, रात्री ८.३०

मी छातीविकारतज्ज्ञ, नांदेडला असते. तीन-चार गोष्टी पटापट लिहिते, ओपीडीत दिवस गेलाय.

टीबीच्या गोळ्यांची गोष्ट मला महिन्यातून निदान दोनदा ऐकायला मिळते. आपल्याकडं टीबी एवढा, की डाग दिसला की हात आधी त्याच गोळ्यांकडं जातो. त्या डॉक्टरांच्या नावानं मी बोटं मोडणार नाही. पण थुंकी निगेटिव्ह आहे, वय पन्नाशीपुढचं आहे, बिडी होती आणि सहा-आठ आठवड्यांत फरक नाही, तर सीटी झालाच पाहिजे.

कशामुळं झाला, हे बायोप्सी सांगत नाही. किरणांनी झालेल्या गाठीवर वेगळा शिक्का नसतो. लोक मला रिपोर्ट दाखवून विचारतात, "ह्यात लिहिलंय का युरेनियम?" नाही लिहिलेलं, आणि कधीच लिहिलेलं नसतं.

शंकासुर, बिडी की धूळ असा सामना लावू नका. मायाकच्या कामगारांत ओढणाऱ्यांच्या बाबतीत दोन्ही धोक्यांची नुसती बेरीज झाली नाही, त्यापेक्षा जास्त वाढ दिसली. (पूर्ण गुणाकारही नव्हता, मधलं काहीतरी.) गंमत म्हणजे, गंमत कसली, तंबाखूच्या पानात पोलोनियम २१० असतं. तेही अल्फा सोडणारंच. मामींच्या आणि मामेभावांच्या भांडणात दोघांच्याही हातात एकाच जातीचा कण आहे.

काळाचं गणित जुळतं का? जुळतं. फुफ्फुसाच्या घट्ट गाठी कामावर लागल्यापासून दहा, वीस, तीस वर्षांनी दिसू शकतात. पण जुळलं म्हणजे सिद्ध झालं, असं होत नाही.

आता उपचाराचं. अ‍ॅडेनोकार्सिनोमा असेल तर गाठीच्या तुकड्यावर ईजीएफआर, एएलके ह्या जनुकांच्या चाचण्या झाल्यात का ते विचारा. त्यात बदल सापडला तर काही जणांना केमोऐवजी गोळ्या चालतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा, नंतर पावत्या घेऊन धावायची वेळ येऊ नये.


औसा_रोड | मंगळवार, रात्री १०.१०

डॉक्टर ताई, काका, खूप आभार. ईजीएफआरचं नाव आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. उद्या विचारतो. तुमचं सगळं मामांना वाचून दाखवलं. बोट घालायच्या गोष्टीवर हसले, मग खोकला आला.

मामांनी सांगितलेलं एक लिहितो. सुरुवातीच्या वर्षांत मास्क मिळायचा, पण उन्हाळ्यात घामानं घसरायचा. मामांना तेव्हा दाढी होती. एक तपासनीस यायचे, ते रोज म्हणायचे, "दाढी काढ, नाहीतर मास्क काढ, दोन्हीला एकत्र अर्थ नाही." मामांना वाटायचं साहेब कडक आहे. लग्नात काढली दाढी, मामींनी सांगितलं म्हणून.


मोजणीवाले_काका | मंगळवार, रात्री १०.३५

तो तपासनीस मी असतो तर हेच म्हणालो असतो. रबराची कड आणि कातडी ह्यांच्यात केस आले की तिथून फट राहते, आणि श्वास आत ओढताना हवा सोपी वाट धरते. फिल्टर कितीही भारी असू द्या.


सी_शिफ्ट | बुधवार, पहाटे ५.४०

ड्युटी सुटली, बसमधून लिहायलोय. मी बिलोलीकडचा, सध्या अशाच एका ठिकाणी कंत्राटी. ठिकाण विचारू नका. बिल्ला न चुकता मिळतो. लघवीची बाटली वर्षातून येते, पण कधी मी सुट्टीवर असतो, कधी पोरं नळाचं पाणी भरून देतात, कारण चोवीस तासांची लघवी धरायची म्हणजे बाटली घरी न्यावी लागते आणि खोलीवर पाच जण राहतो, लाज वाटते. काही होतं का ह्यानं?


मोजणीवाले_काका | बुधवार, सकाळी ९.००

होतं बाबा. फार होतं. २०१७ चा तो अभ्यास कशावर उभा आहे? कामगारांच्या जुन्या बाटल्यांवरच. ज्या दिवशी तू नळाचं पाणी भरतोस, त्या दिवशी तुझ्या नावापुढं 'काही सापडलं नाही' असं लिहिलं जातं, आणि वीस वर्षांनी तुझ्या पोरानं पेटी उघडली तर त्याच्या हाती तेच पडेल.

शिवाय न विरघळणाऱ्या ऑक्साइडचं असं आहे की ते फुफ्फुसात ठाण मांडून बसतं, लघवीत थेंबाथेंबानं उतरतं. म्हणजे मुळात आकडा लहान, त्यात नळाचं पाणी. प्रक्रियेत गळती झाली, पिशवी फाटली, ग्लोव्ह बॉक्सचा हातमोजा चिरला, असं काही झालं तर त्याच दिवशी किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकाऱ्याला सांग आणि स्वॅब मागून घे. प्लुटोनियम, अमेरिसियमवर डीटीपीए नावाचं औषध आहे, पण ते रक्तात उतरलेलं धरून लघवीतून काढतं, लवकर द्यावं लागतं, आणि फुफ्फुसात बसलेल्या ऑक्साइडपुढं त्याचं फार चालत नाही. युरेनियमला तर ते वापरत नाहीत.

खोलीवर लाज वाटते म्हणतोस, तर बाटली काळ्या पिशवीत ने. आम्ही तसंच सांगायचो.


कोर्टकचेरी | बुधवार, दुपारी १.१५

धाराशिवला वकिली करतो, कामगारांची प्रकरणं बघतो. मामेभावांसाठी.

१९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत आयनकारी किरणांमुळं होणारे आजार व्यावसायिक रोग म्हणून धरलेले होते. त्यात दाव्याला दोन वर्षांची मुदत होती, पण सबळ कारण असेल तर आयुक्त उशीर माफ करू शकत होते. नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा नव्या सामाजिक सुरक्षा संहितेनं घेतली, म्हणून दावा टाकायच्या आधी कोणता कायदा लागू पडतो ते तुमच्या वकिलाकडून तपासून घ्या. इथं वाचून अर्ज खरडू नका.

खरी अडचण पुराव्याची. बाहेरच्या देशांनी ह्यावर टक्केवारीचा तोडगा काढलाय. ह्या माणसाचा कर्करोग कामामुळं असण्याची शक्यता किती, ते डोसवरून मांडायचं. ब्रिटनमध्ये १९८२ पासूनच्या योजनेत २० टक्क्यांपासून अंशतः पैसे मिळतात. अमेरिकेच्या २००० सालच्या कायद्यात उंबरठा ५० टक्के, पण अनिश्चिततेचं वरचं टोक धरून, म्हणजे शंकेचा फायदा कामगाराला. आपल्याकडं असा तक्ता नाही, सगळं वैद्यकीय मतावर आणि कागदांवर.

काकांना विचारतो, मामांचा आकडा अंदाजे किती निघेल?


मोजणीवाले_काका | बुधवार, दुपारी ४.२०

डोस माहीत नसताना आकडा देणं म्हणजे पंचांग बघून पाऊस सांगणं. पण पद्धत सांगतो. जास्तीचा धोका भागिले एक अधिक जास्तीचा धोका. समजा फुफ्फुसाला युरेनियमचा अल्फा डोस १० मिलिग्रे बसला. ५.३ नं गुणलं तर जास्तीचा धोका ०.०५३, शक्यता ५ टक्के. तेवढाच डोस प्लुटोनियमचा असता तर जास्तीचा धोका ०.५, शक्यता ३३ टक्के. वकील साहेब, तुमच्या २० टक्क्यांच्या उंबरठ्याच्या अलीकडं आणि पलीकडं, एकाच धुळीच्या वजनावर नव्हे, एकाच डोसवर. हा फरक मामेभावांना नीट समजावून सांगा. केस टाकू नका असं मी म्हणत नाही. कागद मागा, आधी डोस कळू द्या. डोसच्या नोंदी कंत्राटदार गेला तरी जात नाहीत, त्या राष्ट्रीय पातळीवर ठेवलेल्या असतात. बिल्ला क्रमांक आणि कामाची वर्षं देऊन लेखी अर्ज करा.


शंकासुर | बुधवार, सायंकाळी ६.००

मी मुद्दा सोडत नाही, बिडी पहिली. पण नळाचं पाणी वाचून अंगावर काटा आला. सी शिफ्ट, पुढच्या वेळी नीट दे रे.


औसा_रोड | शुक्रवार, रात्री ९.१५

ईजीएफआरला तुकडा पाठवलाय, दहा-बारा दिवस लागतील म्हणले.

आणि काका, सापडला एक कागद. गिरणीतल्या गल्ल्याच्या तळाशी, पिठानं पांढरा झालेला. तारीख १९९४. मामांचं नाव, बिल्ला क्रमांक, 'मूत्र नमुना' आणि पुढं एक आकडा. आकडा वाचता येतो, ७.२. पण त्याच्या पुढचं एकक घडीवर आलंय आणि पुसलंय. हे जास्त आहे का कमी?


मोजणीवाले_काका | शुक्रवार, रात्री ९.३०

एककाशिवाय मी तोंड उघडणार नाही. मायक्रोग्रॅम प्रति लिटर असेल तर एक अर्थ, दुसरं काही असेल तर दुसरा. आणि मायक्रोग्रॅम असलं तरी पिण्याच्या पाण्यातून, अन्नातून थोडं युरेनियम सगळ्यांच्याच लघवीत येतं, ते वजा करावं लागेल. त्या आधीचे-नंतरचे नमुने हवेत. कागदाच्या मागं काही आहे?


औसा_रोड | शुक्रवार, रात्री ९.५५

मागं मामांच्या अक्षरात बिडीच्या उधारीचा हिशेब आहे.

मामींनी भिंग आणलं. पुढून 'मा' दिसतोय आणि शेवटी 'लि'. मधलं पिठात गेलंय. मामा म्हणले कागद झटकू नका, फाटंल. उद्या उजेडात फोटो काढून टाकतो.